सहा तारांचा उपासक : फ्रान्सिस्को तारेगा

आम्हा गोमंतकवासीयांना गिटार हे वाद्य पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. आमच्या घरांत भजनाच्या साथीला पेटी, तबला आणि टाळ असतात. शेजारच्या ख्रिस्ती घरात मांडो रंगला की व्हायोलिन आणि घुमट यांच्या जोडीला गिटारचे सूर कानी पडतात. ओळखीच्या वस्तूंविषयी सहसा कुणी प्रश्न विचारीत नाही. त्यामुळे हे वाद्य एके काळी त्याच्या मायदेशीही कमी प्रतीचे मानले जात होते, ते केवळ गाण्याच्या साथीला आणि मद्यगृहातील करमणुकीला योग्य असे श्रीमंत रसिक समजत होते, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. या वाद्याला मानाचे आसन मिळवून देण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश वादकाचे नाव फार वरचे आहे. त्यांची कहाणी विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावी असे आम्हास वाटते. ते मोठे वादक होते हे तर खरेच. परंतु अखेरपर्यंत ते विद्यार्थी राहिले, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर व्हॅलेन्सियाचा सुपीक प्रदेश आहे. संत्र्यांच्या बागा आणि त्यांना पाणी पुरवणारे पाट यांसाठी तो प्रसिद्ध आहे. तेथील विल्यारेआल या गावी २१ नोव्हेंबर १८५२ रोजी तारेगा यांचा जन्म झाला. वडील एका मठात रखवालदार होते आणि आई तेथील जोगिणींची कामे करी. घरची परिस्थिती बेताचीच. आईबाप कामावर गेले की लहानग्या फ्रान्सिस्कोला एका दाईच्या स्वाधीन करीत. एके दिवशी तो तिच्या हातून निसटून पळाला आणि पाण्याच्या पाटात पडला. मूल वाचले, पण त्याच्या डोळ्यांना जी इजा झाली, ती जन्माची सोबतीण झाली.

मुलाची दृष्टी उद्या पुरती गेली तर त्याने पोट कसे भरावे, ही चिंता बापाला लागून राहिली. तो स्वतः फावल्या वेळी गिटार वाजवीत असे. आंधळ्या माणसालाही संगीतावर पोट भरता येते हे तो जाणून होता. म्हणून त्याने बिऱ्हाड कास्तेयॉन या जवळच्या शहरी हलविले आणि मुलाला संगीताच्या शिकवणीस घातले. फ्रान्सिस्कोचे पहिले दोन गुरू, रुइझ आणि गोन्सालेझ, हे दोघेही अंध होते. ज्यांना तारा दिसत नव्हत्या, त्यांनीच या मुलाला तारांवर बोट कोठे ठेवायचे ते शिकविले.

येथे महाराष्ट्रातील वाचकांना पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. कुरुंदवाडच्या या मुलाचे डोळे दारूकामाच्या अपघातात अधू झाले, शाळेचे शिक्षण थांबले, आणि म्हणूनच त्याला मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गायन शिकण्यास धाडण्यात आले. पुढे याच विष्णूने १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि शेकडो मुलांना संगीताची दारे मोकळी केली. दोन्ही मुलांना बालपणीच दृष्टीचे दुःख सोसावे लागले. दोघांच्याही बाबतीत आईबापांनी रडत न बसता दुसरी वाट शोधली आणि दोघेही पुढे शिक्षक म्हणून थोर झाले. हजारो मैलांच्या अंतरावरील ही दोन घरे एकमेकांना ठाऊकही नव्हती!

१८६२ साली हूलियान आर्कास हा त्या काळचा नामांकित गिटारवादक दौऱ्यावर असताना कास्तेयॉनला आला. त्याने दहा वर्षांच्या फ्रान्सिस्कोचे वादन ऐकले आणि मुलाला बार्सिलोना येथे शिकण्यास पाठवा, असा सल्ला वडिलांना दिला. वडिलांनी तो मानला. मात्र मुलाने पियानोही शिकला पाहिजे अशी अट घातली. या अटीचे कारण उघड होते. तेव्हा सधन घरांत पियानोचा बोलबाला होता. पियानो शिकविणाऱ्याला शिकवण्या मिळत, गिटारवाल्याला फार तर टाळ्या मिळत.

पण बार्सिलोना येथे निराळेच घडले. आर्कास लवकरच परदेशच्या दौऱ्यावर निघून गेला. गुरूविना राहिलेला हा मुलगा घर सोडून पळाला आणि कॉफीगृहांतून व खाणावळींतून गिटार वाजवीत फिरू लागला. वडिलांनी त्याला शोधून परत आणले. तीन वर्षांनी तो पुन्हा पळाला, या वेळी व्हॅलेन्सियाला. तेथे तो भटक्या जिप्सी लोकांच्या टोळीत मिसळला. पुन्हा घरी आणला, तर आणखी एकदा पळाला. आमच्या विद्यार्थी मित्रांनी यातून पळून जाण्याचा धडा घेऊ नये! पण या हूड मुलाची एक गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे. तो जेथे जेथे गेला, तेथे गिटार त्याच्यासोबत होती. थारा बदलला, संगत बदलली, पण हातातील विद्या सुटली नाही. आणि वडिलांची अटही त्याने पाळली. तारुण्यात पाऊल टाकीपर्यंत तो पियानो आणि गिटार या दोन्हींत तरबेज झाला होता.

पुढे बुरियाना या गावच्या करमणूकगृहात तो पियानो वाजविण्याच्या नोकरीस लागला. तेथे अंतोनियो कानेसा नावाच्या एका धनिक व्यापाऱ्याची त्याच्यावर मर्जी बसली. १८६९ साली कानेसा याने त्याला सेव्हिल शहरी नेले आणि अंतोनियो तोरेस या कारागिराकडून एक गिटार विकत घेऊन दिली.

या तोरेसविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. वादकाची कीर्ती सर्वत्र पसरते आणि वाद्य घडविणारा मात्र विस्मृतीत जातो, हा अन्याय सर्वच देशांत होतो. आज आपण जिला अभिजात संगीताची गिटार म्हणतो, तिचा आकार मुख्यतः या सुतारकाम शिकलेल्या कारागिराने निश्चित केला. त्याने वाद्याचे पोट मोठे केले आणि वरच्या पातळ लाकडी फळीच्या आतील बाजूस सात बारीक पट्ट्या पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरून बसविल्या. त्यामुळे ती फळी पातळ राहूनही तारांचा ताण सोसू लागली आणि मोकळेपणाने कंप पावू लागली. खरा नाद या वरच्या फळीतच असतो, असे त्याचे मत होते. ते सिद्ध करण्यासाठी १८६२ साली त्याने एक अजब गिटार बनविली. तिची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या होत्या. केवळ वरची फळी उत्तम लाकडाची! असे सांगतात, की तरुण तारेगासमोर तोरेसने प्रथम एक साधीच गिटार ठेवली. पण त्याचे वादन ऐकल्यावर तो आत गेला आणि स्वतःसाठी राखून ठेवलेली १८६४ सालची गिटार घेऊन बाहेर आला. हे वाद्य तारेगा यांनी पुढे कित्येक वर्षे वापरले.

१८७४ साली तारेगा यांनी माद्रिदच्या संगीत विद्यालयात प्रवेश घेतला. तेथे त्यांनी स्वरलेखन, स्वरसंवाद आणि संगीतरचना यांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्या विद्यालयाचे प्रमुख एमिलियो आरिएता हे संगीतिका रचणारे प्रख्यात रचनाकार होते. पियानो की गिटार, हा प्रश्न येथेच निकालात निघाला. तारेगा यांची गिटार ऐकल्यावर आरिएता यांनीच त्यांना पियानो सोडून गिटारला वाहून घेण्यास सांगितले, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. पोटापाण्याच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचा होता. वडिलांनी ज्या पियानोच्या आधारे मुलाचे भवितव्य सुरक्षित करू पाहिले, तोच आधार आता सोडावयाचा होता. तारेगा यांनी तो सोडला.

तेव्हापासून त्यांनी दोन गोष्टी एकत्र चालविल्या : वादन आणि अध्यापन. १८८१ साली फ्रान्समध्ये लिऑन आणि पॅरिस येथे त्यांचे कार्यक्रम झाले. लंडनलाही ते जाऊन आले; परंतु तेथील धुके आणि थंडी त्यांना मानवली नाही. मायदेशी परतल्यावर मारिया होसे रिझो यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि काही काळाने ते बार्सिलोना येथे स्थायिक झाले. आल्बेनिझ आणि ग्रानादोस या थोर संगीतरचनाकारांशी तेथे त्यांचा स्नेह जडला.

मोठमोठ्या सभागृहांपेक्षा मोजक्या जाणकारांच्या बैठकीत त्यांचे मन अधिक रमे. गिटारचा आवाज मुळातच लहान. दूरच्या खुर्चीपर्यंत पोहोचविण्यासाठी त्यावर जोर केला की त्यातील गोडवा नाहीसा होतो, हे त्यांना खटके. म्हणून घरी, मित्रमंडळींत आणि शिष्यांसमवेत त्यांचे उत्तम वादन होत असे.

गिटारसाठी चांगल्या रचनांचा तुटवडा होता. तो भरून काढण्यासाठी त्यांनी बेथोव्हेन, शोपँ, मेंडेल्सोन इत्यादी थोर रचनाकारांच्या इतर वाद्यांसाठी लिहिलेल्या कृती गिटारवर उतरविल्या. हे काम वरवर दिसते तितके सोपे नव्हे. पियानोवर दहा बोटे एकाच वेळी स्वर निर्माण करू शकतात. गिटारवर डाव्या हाताची चार बोटे केवळ तारा दाबतात आणि उजव्या हाताचा अंगठा व तीन बोटे त्या छेडतात. तारा तर अवघ्या सहा. तेव्हा कोणता स्वर ठेवावा आणि कोणता गाळावा, याचा निर्णय रचनेचा आत्मा कळल्याखेरीज करता येत नाही. येथे लहानपणी शिकलेला पियानो त्यांच्या कामी आला. कोणतीही विद्या वाया जात नाही ती अशी. त्यांची अशी रूपांतरे सुमारे १२० आणि स्वतंत्र रचना सुमारे ७८ भरतात.

या स्वतंत्र रचनांत १८९९ सालची आलहांब्राच्या आठवणी ही रचना जगप्रसिद्ध आहे. कोन्चा मार्तिनेझ या श्रीमंत विधवेने तारेगा यांना मोठा आश्रय दिला होता. त्यांच्यामुळे ग्रानादा शहरी जाण्याचा योग आला. तेथील टेकडीवर मूर राजांचा आलहांब्रा नावाचा राजवाडा आहे. त्याच्या चौकांतून, कारंज्यांतून आणि दगडी पन्हळींतून पाणी वाहत असते. त्या वास्तूच्या स्मृतीतून ही रचना उमलली. आता यातील कौशल्य पाहा. सारंगीचा किंवा व्हायोलिनचा स्वर गज फिरत राहील तोवर टिकतो; गिटारची तार मात्र छेडल्या क्षणापासून विझू लागते. मग लांबलचक, अखंड सूर तिच्यातून निघावा कसा? तारेगा यांनी अंगठ्याने खर्जातील स्वर वाजविले आणि त्यामागोमाग अनामिका, मध्यमा व तर्जनी या तीन बोटांनी एकाच तारेवर इतक्या समान आणि जलद आघातांची योजना केली, की वेगळे आघात कानाला जाणवेनासे होऊन एकच सूर लहरत असल्याचा भास होतो. वाद्य एकच, वादक एकच; पण ऐकणाऱ्याला वाटावे की दोघे जण वाजवीत आहेत. ही युक्ती गिटारवादकांना पूर्वीही ठाऊक होती. तिच्यातून इतका उत्कट भाव जागविला तो तारेगा यांनी.

शिक्षक म्हणून त्यांनी बैठकीपासून सर्व गोष्टींचा नव्याने विचार केला. डावा पाय छोट्या चौरंगावर ठेवून त्या मांडीवर गिटार टेकविण्याची जी बैठक आज सर्वत्र दिसते, ती रूढ करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. छेडलेल्या तारेवरून बोट पुढे जाऊन शेजारच्या तारेवर क्षणभर विसावते, त्यामुळे स्वर भरदार निघतो. या आघातालाही त्यांच्या परंपरेत महत्त्वाचे स्थान मिळाले. आणि ते स्वतः रोज रियाज करीत. स्वरमालिका, सुट्या केलेल्या स्वरगुच्छांचे पाठ, आणि अडणाऱ्या जागा पुन:पुन्हा घोटणे, हा त्यांचा नेम कीर्ती मिळाल्यावरही सुटला नाही. शिष्यांना जे करावयास सांगत, ते स्वतः करून दाखवीत.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसी प्रसंगाकडे आम्ही वळतो. गिटार नखांनी छेडावी की बोटांच्या अग्रांनी, हा वाद फार जुना आहे. नखाने स्वर लख्ख आणि मोठा निघतो. नुसत्या बोटाने तो गोल, मऊ आणि काहीसा लहान निघतो. तारेगांच्या आधीच्या पिढीतील फेर्नांदो सोर हे बोटांचे पक्षपाती होते, तर त्यांचेच मित्र दिओनिसिओ आग्वादो हे नखांचे. तारेगा स्वतः अनेक वर्षे नखांनीच वाजवीत आले होते आणि त्यावरच त्यांची कीर्ती उभी होती. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी, वयाच्या पन्नाशीच्या सुमारास, त्यांनी आपली नखे कापून टाकली.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ज्या आघाताची सवय हाताला तीस-चाळीस वर्षे जडली होती, ती मोडून पहिल्यापासून सुरुवात करावयाची. बोटांच्या कोवळ्या अग्रांना पुन्हा तारांची सवय लावावयाची. आणि इतके करून आवाज मोठा तर होणार नाहीच, उलट लहान होणार. सभागृहातील टाळ्या मिळविणाऱ्याने असा सौदा केला नसता. पण मनात जो सूर ऐकू येत होता तो नखांतून निघत नाही, एवढे कारण त्यांना पुरेसे वाटले. एमिलियो पुजोल हा सोळा वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे शिकावयास आला तो याच सुमारास, १९०२ साली. ज्या गुरूचे नाव ऐकून तो आला, तो गुरूच त्या वेळी आपल्या हाताला नव्याने वळण लावीत होता! शिष्याला याहून मोलाचा पहिला पाठ कोणता मिळावा?

दैवाने मात्र पुढे कठोर परीक्षा घेतली. जानेवारी १९०६ मध्ये तारेगा यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. ज्या उजव्या हाताला त्यांनी नुकतेच नवे वळण लावले होते, तोच हात गेला. दुसरा कोणी असता तर वाद्य खुंटीला टांगून आठवणींवर जगला असता. तारेगा यांनी पुन्हा वाद्य हाती घेतले आणि जेवढी बोटे चालतील तेवढ्यांनिशी अभ्यास आरंभिला. पूर्वीचे सामर्थ्य पूर्णपणे परत आले नाही; पण शिकणे आणि शिकविणे थांबले नाही. २ डिसेंबर १९०९ रोजी त्यांनी आपली अखेरची छोटी कृती पुरी केली आणि १५ डिसेंबर रोजी बार्सिलोना येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे मित्र आल्बेनिझ त्याच वर्षी मे महिन्यात निवर्तले होते.

तारेगा यांनी आपल्या पद्धतीचे पुस्तक लिहिले नाही, संस्था स्थापन केली नाही की संपत्ती मागे ठेवली नाही. त्यांनी ठेविले ते शिष्य. मिगेल ल्योबेत या शिष्याने गुरूची परंपरा युरोपात आणि अमेरिकेत गाजविली. दानिएल फोर्तेआ यांनी माद्रिद येथे अध्यापन केले. लहान वयातच त्यांच्याकडे शिकू लागलेल्या होसेफिना रोब्लेदो यांनी ही विद्या दक्षिण अमेरिकेत नेली. आणि पुजोल यांनी गुरूच्या पद्धतीची तपशीलवार मांडणी करणारा ग्रंथ १९३४ सालापासून खंडशः लिहिला आणि १९६० साली गुरूचे चरित्रही प्रसिद्ध केले. गुरूने न लिहिलेले पुस्तक शिष्याने लिहिले. परंपरा म्हणतात ती हीच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नखांविषयीचा तारेगांचा निर्णय पुढील काळाने फारसा मानला नाही. विसाव्या शतकातील सर्वांत नावाजलेले गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी नखांचाच पुरस्कार केला आणि आज बहुतेक वादक तसेच वाजवितात. मग तारेगांचा तो खटाटोप व्यर्थ गेला काय? आम्हास तसे वाटत नाही. शिक्षकाचे प्रत्येक मत पुढील पिढीने स्वीकारले पाहिजे असे नाही. चांगला सूर कोणता याचा शोध स्वतःच्या कानांनी घ्यावा आणि तो सापडेपर्यंत कोणत्याही वयात पुन्हा श्रीगणेशा करण्याची लाज बाळगू नये, हे त्यांनी आपल्या कृतीने शिकविले. तो पाठ नख वापरणाऱ्यालाही तितकाच लागू आहे.

शेवटी एक गंमत सांगून हे चरित्र संपवितो. तारेगांचे नाव कधीही न ऐकलेल्या कोट्यवधी लोकांनी त्यांची एक सुरावट ऐकली आहे. १९९० नंतरच्या दशकात नोकिया कंपनीच्या मोबाइल फोनवर जी प्रसिद्ध घंटी वाजू लागली, ती तारेगांच्या १९०२ सालच्या ग्रान वाल्स या गिटारच्या रचनेतील छोटासा तुकडा आहे. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांना ती खचित आठवत असेल. मात्र तेवढ्यावर समाधान मानू नका. सवड काढून ती संपूर्ण रचना आणि आलहांब्राच्या आठवणी शांतपणे ऐका. आणि परीक्षेत एखादा विषय अडला, चित्रकलेत हात वळेना की पेटीवर बोट अडखळले, तर ज्यांनी पन्नाशीत नखे कापून पहिला धडा पुन्हा गिरविला, त्या गुरुजींची आठवण ठेवून पुन्हा अभ्यासाला बसा.